ठुशी मागायला गेलात आणि चोकर घेऊन आलात असं होऊ नये म्हणून : गळ्यातले दागिने नावावरून कसे ओळखायचे आणि कसे घ्यायचे

लग्नाचा सीझन आला की ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका या पट्ट्यातल्या दागिन्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते आणि काउंटरवर कान दिलात तर दर दोन मिनिटांनी एकच वाक्य ऐकू येतं, "ते ट्रॅडिशनलमधलं चोकर दाखवा ना." आता सेल्समन तरी काय करणार, तो ट्रेमागून ट्रे काढत बसतो, त्यात साउथचं टेंपल असतं, कुंदन असतं, कुठेतरी कोपऱ्यात एखादी चिंचपेटी असते, आणि तासाभराने सगळ्यांना इतका कंटाळा आलेला असतो की जे जास्त चमकतंय ते पॅक करून मोकळे होतात. घरी आल्यावर आजी म्हणते छान आहे गं, पण ही ठुशी नाहीये.

माझी भाची खारघरला असते, तिचं लग्न ठरलंय, आणि ती रोज इन्स्टावरचे फोटो पाठवते, "मावशी हे काय आहे, ठुशी का वज्रटीक?" मला म्हणाली एक लिस्ट करून दे. लिस्ट नेटवर पन्नास मिळतील, पाठ करून पण टाकाल, दुकानात गेल्यावर एक आठवणार नाही. त्यापेक्षा नाव वाचायला शिका. आपल्याकडच्या बहुतेक दागिन्यांच्या नावात तो दागिना कसा दिसतो किंवा कसा बनवलाय हे सांगून ठेवलेलं असतं, आणि ते कळलं की त्यात नक्की काय तपासायचं तेही आपोआप कळतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, भाचीसाठी आणि तिच्यासारख्या अजून कोणासाठी.

नाव फोडून बघायचं

नावं ऐकलीत तर ठेवणारी माणसं शेतात नाहीतर स्वयंपाकघरात उभी होती असंच वाटतं. बोरमाळ म्हंजे बोराएवढ्या, बोराच्या आकाराच्या मण्यांची माळ. जवमणी म्हंजे जवाच्या दाण्यासारखे लांबट, दोन्हीकडे निमुळते मणी. जोंधळी पोत, हे तर सांगायलाच नको, ज्वारीच्या दाण्याएवढे बारीक गोल मणी. पोहेहारात पोह्यांसारखे चपटे तुकडे एकात एक गुंतवलेले असतात. म्हणजे नावात धान्य किंवा फळ आलं की समजायचं हे मण्याचं किंवा तुकड्याचं वर्णन आहे, दागिन्याची लांबी किंवा किती पदर ते त्यातून कळणार नाही, ते वेगळं विचारायचं. बोरमाळ एकपदरी असते, दोनपदरी असते, गळ्यालगत असते आणि पार पोटापर्यंत पण असते, आणि सगळ्या बोरमाळाच.

दुसऱ्या प्रकारची नावं घडणीवरून आलेली. गोफ म्हंजे सोन्याच्या तारांची वेणी घातल्यासारखी जाड साखळी, टिपऱ्या खेळताना रंगीत दोऱ्यांचा गोफ विणतात ना, तोच शब्द. मग नावात सर आला, पदर आला की ओळी मोजायच्या. गळसरी म्हंजे गळ्याचा सर. मंगळसूत्रात सूत्र आहे म्हणजे दोरा आहे, आता सगळे सोन्याच्या तारेत ओवून घेतात पण नावात अजून दोराच राहिलाय.

तिसरा प्रकार जागेवरून. कंठी, कंठा, हे कंठाशी. कंठा जुन्या चित्रांत आणि फोटोत पुरुषांच्या गळ्यात जास्त दिसेल, सरदार, संस्थानिक वगैरे, त्यामुळे नवऱ्या मुलासाठी शोधत असाल तर "मेन्स नेकपीस" म्हणत बसू नका, कंठा म्हणा किंवा मोत्याचा कंठा म्हणा, जुन्या सोनाराला लगेच कळतं.

आणि इंग्रजी नावं पण एकदा फोडून बघाच, मजा येते. नेकलेसमधला लेस म्हणजे झालरवाला लेस नाही, जुन्या अर्थाने दोरी, आणि ती दोरी लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून आली त्याचा अर्थ चक्क फास. चोकर तर सरळसरळ गळा आवळणारा. लॉकेट म्हंजे मुळात कडी, छोटी खिटी, म्हणून खरं लॉकेट ते जे उघडतं आणि आत फोटो ठेवता येतो, आपण मात्र साखळीत लटकणाऱ्या कशालाही लॉकेट म्हणतो. हे सांगायचं कारण एवढंच की चोकर या शब्दात फक्त कुठे बसतं ते आहे, कसं बनलंय ते नाही. ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक तिन्ही गळ्यालगतच्या, म्हणून दुकानदार तिन्हींना चोकर म्हणून मोकळा होतो आणि तुम्ही गोंधळता.

ठुशी

ठुशी लक्षात ठेवायची असेल तर ठासून हा शब्द धरून ठेवा. बारीक गोल सोन्याचे मणी एकमेकांना चिकटून, ठासून भरल्यासारखे गुंफलेले असतात, मधे जागाच नाही. मागच्या बाजूला साखळी नसते, दोरा आणि गोंडा असतो आणि गाठ सरकवून ती गळ्यावर वर-खाली करता येते. मला विचाराल तर गळ्यालगतच्या सगळ्या दागिन्यांत हिच्याइतकं शहाणं डिझाइन दुसरं नाही, कारण एकच ठुशी आई, मुलगी, सून तिघींच्या गळ्याला बसते, आणि वजन वाढलं कमी झालं तरी अडत नाही. आता बऱ्याच दुकानांत मागे फिक्स साखळी आणि हूक लावलेल्या ठुश्या मिळतात, त्या घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, अर्धा फायदा तिथेच गेला.

बघायची कशी ते सांगते. हातात घ्या आणि तळहातावर पालथी घाला, मागची बाजू बघा. मणी गुंफलेला दोरा किंवा तार कुठे उघडी दिसतेय का, कुठे मण्यांमधे फट पडलीय का. मग दोन्ही टोकं धरून गळ्याला येईल तेवढा बाक द्या. चांगली ठुशी सगळीकडून सारखी वाकते, ढिसाळ गुंफलेली एखाद्या ठिकाणी मोडल्यासारखी कोन करते, आणि तो कोन गळ्यावर दिसतोच, विशेषतः फोटोत. मधोमध खडा किंवा पदक असेल तर ते मण्यांना कशाने धरलंय ते बघा, कारण साडीच्या पदराची जर तिथेच अडकते. आणि मणी पोकळ आहेत का भरीव ते तोंडाने विचारा, लाजू नका. पोकळ असणं वाईट नाही, त्यामुळेच ठुशी परवडते, पण पोकळ मणी चेपतो, एकदा चेपला की तो तसाच राहतो, म्हणून ठेवताना तिच्यावर दुसरा दागिना ठेवायचा नाही.

चिंचपेटीशी गल्लत होते त्याचं उत्तर नावातच आहे, पेटी. चिंचपेटीत चौकोनी पेट्या एकाशेजारी एक बसवलेल्या असतात, बहुतेक वेळा मोत्यांनी भरलेल्या, त्यामुळे ती पट्ट्यासारखी सपाट दिसते. ठुशी मण्यांची, चिंचपेटी पेट्यांची, संपलं. वज्रटीक म्हणजे मण्यांच्या ओळी कापडी पट्टीवर बसवलेल्या, म्हणून ती आतून मऊ लागते. दुकानात उलटी करून बघितलीत की मागे कापड दिसतं, ओळखायची सगळ्यात सोपी खूण.

साज

साज हा शब्द फारसीतून आलेला, सामग्री, सजावट, सरंजाम अशा अर्थाचा. घोड्याचा साज असतो, गाण्याबजावण्याची वाद्यं पण साज, साजशृंगार आपण रोज बोलतो. एवढा मोठा सगळ्याला पुरणारा शब्द, पण कोल्हापूरकडे नुसतं साज म्हटलं तरी एकच दागिना डोळ्यासमोर येतो. यावरून त्याचा मान काय असेल ते बघा.

कोल्हापुरी साजात जवमणी आणि त्यांच्यामधे पानड्या असतात. पानडी म्हंजे छोटं पदक, प्रत्येकाचा आकार वेगळा. पारंपरिक साजाच्या २१ पानड्या असं सांगतात, त्यातल्या १० विष्णूच्या दशावताराच्या, ८ अष्टमंगलाच्या, २ माणिक आणि पाचूच्या आणि शेवटचं एक डोरलं. जवळून बघितलंत तर चंद्र, शंख, नाग, कासव, भुंगा असले आकार दिसतील, लहान मुलाला मांडीवर घेऊन ओळखायला लावायचा चांगला टाइमपास आहे. आता मात्र बजेटसाठी पानड्या कमी करून देतात, कधी अकरा, कधी त्याहून कमी, आणि नाव साजच सांगतात. कमी पानड्यांचा घ्यायला हरकत नाही, सोन्याचे भाव बघता दुसरा इलाज पण नाही, फक्त घेताना मोजा आणि कोणत्या ठेवल्यात कोणत्या गाळल्यात ते विचारा. नुसतीच एकासारखी एक दहा फुलं लावून त्याला साज म्हणत असतील तर तो साज नव्हे, फुलांचा हार आहे, तसा म्हणून घ्या.

साजातले जवमणी बऱ्याचदा आतून लाखेचे असतात, म्हणजे वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली. बोरमाळेचं पण तेच. लाखेमुळे मणी चेपत नाही आणि कमी सोन्यात भरदार दिसतो, ही फसवणूक वगैरे नाही, जुनी सरळ पद्धत आहे. फसवणूक होते ती बिलात, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

पुतळ्यांची माळ, आणि व्हेनिस

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पुतळीहारात गोल नाण्यासारख्या चकत्या असतात, आता त्यांच्यावर लक्ष्मी असते. पण पुतळी हे एका खऱ्या नाण्याचं नाव होतं. युरोपातलं व्हेनिस हे मोठं व्यापारी शहर, तिथे १२८४ पासून डुकॅट नावाचं सोन्याचं नाणं पाडायचे, साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं, आणि शतकानुशतकं वजन आणि कस तोच, त्यामुळे जगभर त्याच्यावर विश्वास. मसाल्याच्या व्यापारातून ती नाणी आपल्या किनाऱ्याला यायची. नाण्याच्या एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला प्रमुख, आणि दुसऱ्या बाजूला येशू. इकडच्या लोकांना त्या कोरलेल्या बाहुल्या दिसल्या, म्हणून पुतळी. मग इथेच तसली नाणी बनायला लागली, गळ्यात आली आणि पुढे संत जाऊन लक्ष्मी बसली. आपली आजी देवासमोर बसताना जी माळ घालायची तिचं नाव व्हेनिसच्या नाण्याशी जोडलेलं आहे, हे मला तरी भारी वाटतं.

घेताना बघायचं काय तर पुतळीची जाडी. ठसा एकाच बाजूला आहे आणि मागे त्याचा खोलगट उमटलेला आकार दिसतोय म्हणजे पातळ पत्र्यावर दाबून काढलेली आहे. तशी चालते, पण दुमडते, म्हणून कडा हाताला लावून बघा, आणि वरची कडी पुतळीला नीट डाख देऊन जोडलीय ना ते प्रत्येक पुतळीला बघा, एक सैल असली तर तीच गर्दीत पडते. आमच्या ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा नवी मुंबईत कुठल्याही आगरी-कोळी घरातल्या हळदीला गेलात तर दागिने बघायला मिळतात ते असे हौसेचे आणि भरघोस, तिथल्या एखाद्या काकूंना नावं विचारा, कौतुकाने काढून हातात देऊन सांगतात.

घरून निघण्याआधी

दुकानात जाण्याआधी दोन कामं घरी करायची. एक, गळ्याचं माप. जाड दोरा घ्या, आरशासमोर ताठ उभं राहा, मान वर न करता गळ्याच्या तळाशी जिथे ठुशी टेकायला हवी तिथून दोरा फिरवा, आत दोन बोटं जातील एवढा सैल ठेवा आणि गाठ मारा. तो दोरा पर्समधे टाकून न्या. दुकानातल्या मखमली गळ्यावर सगळंच छान दिसतं, तुमच्या दोऱ्याशी लावून बघितल्यावर कळतं की ही पट्टी मागून चार बोटं कमी पडणारे. चिंचपेटी आणि वज्रटीकेला तर हे फारच महत्त्वाचं. पट्टी मागे कमी पडली की मोकळा दोरा दिसतो, आंबाडा घातलेला असताना मागून काढलेल्या फोटोत तेवढंच दिसतं.

दुसरं, ब्लाउजचा गळा. ज्या दिवशी घालायचं त्याच ब्लाउजचा फोटो जवळ ठेवा. गळा बंद किंवा बोटनेक असेल तर गळ्यालगतचं काही घालू नका, सरळ मोहनमाळ, पुतळीहार किंवा लांब बोरमाळ. खोल गळा असेल तर ठुशी आणि खाली एक लांब. नऊवारीवर वर ठुशी किंवा चिंचपेटी, मधे साज किंवा तन्मणी (मोत्यांचे सर आणि मधे पदक, पुढे सांगतेच) आणि खाली मोहनमाळ, एवढे तीन पुरे. त्यात मंगळसूत्र येणारच आहे हे लोक विसरतात. पाच-सहा घातले की कुठलाच ओळखू येत नाही आणि बसल्यावर सगळे एकमेकांत अडकतात, मग कार्यालयात कोणी ना कोणी नवरीच्या गळ्यातला गुंता सोडवत बसलेलं असतं. आणि शक्यतो मोत्याचा आणि भरीव सोन्याचा दागिना अगदी एकमेकांवर घासेल असा घालू नका, मोत्यावर ओरखडे पडतात.

पैशाचं

दुकानात गेल्यावर नाव घेऊन मागा. "ठुशी दाखवा, दोऱ्याची, दीड-दोन तोळ्यांत." बघा समोरच्याचा टोनच बदलतो. तोळा म्हणताना मात्र जपून. आता दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजी म्हणाली माझी ठुशी तीन तोळ्यांची, तर ती आजच्या हिशोबाने जवळजवळ ३५ ग्रॅम, साडेतीन तोळे. जुन्या याद्यांत मासा आणि गुंज पण सापडतील, १२ मासे म्हणजे एक तोळा आणि ८ गुंजा म्हणजे एक मासा. आईच्या आईची स्त्रीधनाची यादी घरात असेल तर हे लक्षात ठेवून वाचा, नाहीतर उगीच भांडणं होतात.

बिलात दोन वजनं वेगळी लिहायला लावा, एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन. ठुशीत दोरा आणि गोंडा आहे, साजात लाख आहे, चिंचपेटीत मोती आहेत, वज्रटीकेला कापड आहे. हे सगळं एकूण वजनात येतं, सोन्याच्या भावात यायला नको. एका दुकानात आमच्या ओळखीतल्या एका बाईंना लाखेच्या बोरमाळेचं पूर्ण वजन सोन्याच्या भावाने लावलं होतं आणि विचारल्यावर "अहो ताई सगळे असंच लावतात" हे उत्तर. असं उत्तर मिळालं की दागिना खाली ठेवायचा आणि थँक्यू म्हणायचं. मोडताना लाख आणि खडे वजा होतात हे प्रत्येक सोनार सांगतो, मग घेताना पण वजा व्हायला हवेत.

घडणावळ किंवा मजुरी टक्क्यांत सांगतात, ती किती आणि कशावर ते विचारा. हाताने गुंफलेल्या ठुशीची घडणावळ मशिनच्या साखळीपेक्षा जास्त असणार, ती द्या, घासाघीस थोडी करा पण कारागिराची मेहनत आहे ती. वर जीएसटी ३ टक्के. खरेदी २ लाखांच्या वर जाणार असेल तर पॅन कार्ड बरोबर घ्या, ते मागतातच.

हॉलमार्क म्हणजे शुद्धतेचा शिक्का बघायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकांचा नंबर, त्याच्याशिवाय विकायला परवानगी नाही. दागिन्यावर तीन खुणा असायला हव्यात, बीआयएसचा (म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोणी लोगो, शुद्धता म्हणजे २२ कॅरेटला ९१६, आणि तो नंबर. खुणा इतक्या बारीक असतात की डोळ्यांनी दिसत नाहीत, दुकानात भिंग मागा, देतात. मग मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमधे नंबर टाका, कुठल्या प्रकारचा दागिना, किती शुद्धता, ते तिथे येतं. तुमच्या हातात माळ आहे आणि ॲप अंगठी म्हणतंय असं झालं तर काय समजायचं ते समजा. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सक्तीतून सूट आहे, त्यामुळे त्यातलं काही घेत असाल तर दुकानाच्या लेखी हमीवरच भिस्त, बिलावर शुद्धता लिहून घ्याच.

मोती

तन्मणी म्हंजे मोत्यांचे सर आणि मधे खडे जडवलेलं पदक, त्या पदकाला खोड म्हणतात. तन्मण्याची किंमत खोडात आणि मोत्यांत असते, त्यामुळे तिथे सोन्याचा भाव बघून उपयोग नाही, खोड वेगळं आणि सर वेगळे अशी किंमत विचारा. हे तुम्हाला माहितीये एवढं कळलं तरी पुढचं बोलणं नीट होतं. घरात जुना तन्मणी असेल आणि सर तुटलेत, मोती पिवळे पडलेत, तर खोड ठेवून नवे सर घालून मिळतात, अख्खा मोडायची गरज नसते.

जुनी माणसं बसरा मोती म्हणतात ते इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. १८९३ साली जपानमधे कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती तयार करून दाखवला आणि पुढे कल्चर मोत्यांनी सगळा बाजार व्यापला. आता दुकानात समोर येतात ते जवळपास सगळे कल्चरच, आणि ते खरेच मोती असतात, खोटे नव्हेत, फक्त बसरा म्हणून कोणी भाव सांगितला तर लॅबचं सर्टिफिकेट मागा. प्लास्टिक किंवा काचेचा मोती ओळखायचा असेल तर दाताच्या कडेवर हलकेच घासा, खरा जरासा खरखरतो, खोटा गुळगुळीत सटकतो. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे घाम, परफ्यूम, हेअरस्प्रे सगळ्याचा त्याला त्रास. आपल्याकडे मे महिन्यात एसी नसलेल्या हॉलमधे लग्न म्हणजे काय घाम येतो ते ठाणेकरांना सांगायला नको. तयारी पूर्ण झाल्यावर शेवटी घालायचे, घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायचे, मऊ सुती कापडाने पुसून कापडाच्याच पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकच्या नाही.

एक ग्रॅमवाले

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला नऊवारी नेसून बुलेटवर बसणार असाल तर कृपा करून खरं सोनं घालू नका. कौपिनेश्वरापासून तलावपाळीपर्यंत गर्दी कशी असते माहितीये ना. एक ग्रॅमची ठुशी, साज सगळं जांभळी नाक्याला मिळतं आणि लांबून फरक कळत नाही. एक ग्रॅम हे नाव आहे, त्यात एक ग्रॅम सोनं असेल असं समजू नका, तो मुलामा आहे, पाणी लागलं की उतरतो. खरं घेण्याआधी प्रॅक्टिस म्हणून पण हे बेस्ट आहे, एखादा दिवस घालून वावरा, गळ्याला टोचतंय का, आपल्याला शोभतंय का कळतं. संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतात त्यात पण ठुशी, तन्मणी, मंगळसूत्र सगळे आकार करतात, मुंग्या लागायच्या आत फोटो काढून ठेवा.

आजीची ठुशी असेल तर

आणि हे खरं तर पहिलं विचारायला हवं, घरात काय आहे. बऱ्याच घरांत कपाटात तुटलेली, मणी सुटलेली ठुशी नाहीतर बोरमाळ पुरचुंडीत बांधून ठेवलेली असते आणि नवीन घेताना ती मोडीत जाते. मोडायला घेऊन जाल तिथे वजा काय काय होणार ते आधी विचारा, आणि त्याच्याशेजारी नुसतं पुन्हा गुंफून घ्यायचा खर्च लिहा. बहुतेक वेळा गुंफून घेणं इतकं स्वस्त पडतं की मोडायचा विचार सुटतो. जुन्या दागिन्याला हॉलमार्क नसतो, पण हॉलमार्किंग सेंटरवर थोडी फी भरून शुद्धता तपासून मिळते, कागद मिळतो, तो बँक लॉकरच्या फाइलला लावून ठेवा.

गुंफायचं काम करणारा तो पटवेकरी. सगळ्या सोनारांकडे नसतो, मोठ्या शोरूममधे तर दागिना कारागिराकडे पाठवून आठवड्याने देतात. जुन्या पेढ्यांमधे विचारा, स्टेशनजवळच्या भागात अजून सापडतात. देण्याआधी घरी ताटात पांढरं कापड घालून मणी मोजा, फोटो काढा, मण्यांचं आणि पदकाचं वजन वेगळं करून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि त्यावर दुकानाचा शिक्का मारून घ्या. गोंड्याचा रंग सांगायला विसरू नका, नाहीतर भडक लाल लावून देतात, मरून किंवा काळा मागा, साडीखाली लपतो. शक्य असेल तर गुंफताना समोरच बसा, आणि मणी उरले तर तेही मागून घ्या, पुढच्या वेळी एखादा चेपला की तेच लागतात.